घोडकाठचा कोळसा : जाळण्याचा आणि गाळण्याचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, दौंडच्या शेजारी, घोड नदीच्या उजव्या तीरावर वसलेले इनामगाव महाराष्ट्राच्या पुरातत्त्वात प्रसिद्ध झाले ते तेथील पांढरीच्या टेकाडांमुळे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीची माती, राख आणि शेणामातीचे थर साचून जी फिकट रंगाची जमीन तयार होते तिला ग्रामीण मराठीत पांढरी म्हणतात, आणि अशाच पांढरीखाली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात आद्य शेतकऱ्यांची एक संपूर्ण वसाहत उजेडात आली. एकशे तीसहून अधिक घरांचे अवशेष, घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या मृतांची दफने, कुंभाराची भट्टी, धान्य साठवण्याच्या जागा, पुराचे पाणी वळवून शेतीला देण्यासाठी खणलेला पाट आणि त्यालगतचा बांध, एवढा तपशील एकाच ठिकाणी मिळाल्यामुळे दख्खनच्या ताम्रपाषाणयुगाचा, म्हणजे तांबे आणि दगडी हत्यारे बरोबरीने वापरणाऱ्या समाजाच्या काळाचा, अभ्यास इनामगावला वगळून करता येत नाही. या उत्खननाचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातील कालक्रम असो वा पिकांची यादी, पुराव्याचा मोठा भाग एका अगदी सामान्य पदार्थावर उभा आहे. तो पदार्थ म्हणजे कोळसा.

सध्या सांडपाण्यातील मिश्र प्रदूषके काढण्यासाठी ज्या जैवकोळशाचा विचार जगभर होत आहे, त्याचे मूळ रूप या टेकाडांत तीन हजार वर्षे पडून होते. घोड आणि भीमेच्या खोऱ्यात कोळसा कशाचा केला गेला, कोणी केला आणि त्याचे पुढे काय झाले, याचा इतिहास पाहिल्यास या नव्या तंत्राची खरी शक्ती आणि खरी मर्यादा या दोन्ही एकाच गुणातून निघतात असे दिसून येते. तो गुण म्हणजे कोळशाचे न कुजणे.

टेकाडातील पुरावा

इनामगावच्या वस्तीचे तीन कालखंड मानले जातात. इ.स.पू. १६०० ते १४०० हा माळवा संस्कृतीचा, १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे संस्कृतीचा आणि १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे संस्कृतीचा काळ होय. जोर्वे हे नाव संगमनेर तालुक्यातील प्रवराकाठच्या गावावरून पडले असून तेथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले होते. या कालखंडांना वर्षांचे आकडे देता आले ते प्रामुख्याने कार्बन-१४ पद्धतीमुळे. जिवंत झाड हवेतील कार्बन घेत असते आणि त्यात किरणोत्सर्गी कार्बनचा अल्प अंश असतो. झाड मेल्यावर नवा कार्बन येणे थांबते आणि आधीचा किरणोत्सर्गी अंश सुमारे ५७३० वर्षांत निम्मा होईल अशा ठरावीक गतीने घटत जातो, त्यामुळे उरलेला अंश मोजून लाकूड केव्हा तोडले गेले असावे याचा अंदाज बांधता येतो. या मोजणीसाठी उष्ण कटिबंधातील जमिनीत लाकूड क्वचितच शिल्लक राहते, कारण वाळवी, बुरशी आणि पावसाळ्यातील ओल त्याचा थोड्याच वर्षांत फडशा पाडतात. शिल्लक राहतो तो चुलीतला, भट्टीतला, जळालेल्या घराच्या वाशाचा कोळसा.

पिकांचा पुरावाही असाच टिकला. इनामगावच्या वनस्पती-अवशेषांचा अभ्यास डेक्कन कॉलेजच्या मुकुंद काजळे यांनी केला. अशा अभ्यासाची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. चुलीतील, राखेच्या खड्ड्यातील किंवा धान्याच्या पेवातील माती पाण्यात सोडून हलक्या हाताने ढवळली जाते, माती तळाशी बसते आणि करपलेले दाणे, टरफले व कोळशाचे कण हवा धरून असल्यामुळे वर तरंगतात. ते बारीक चाळणीत काढून सावलीत वाळवले जातात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा ओळखला जातो. सातू, गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा, लाख आणि बोरासारखी रानफळे यांची नोंद या काळ्या दाण्यांवरून झाली. जे दाणे माणसांनी खाल्ले वा पेरले त्यांचा माग राहिला नाही, आणि जे स्वयंपाकाच्या वेळी चुलीत सांडले, भाजताना करपले किंवा आगीत सापडले तेवढेच तीन सहस्रकांनंतर संशोधकांच्या हाती आले.

हे घडले याचे कारण रासायनिक आहे. लाकूड, पेंढा किंवा दाणा मोकळ्या हवेत पेटला तर त्याची राख होते. परंतु हवा अपुरी असताना तो तापला तर त्यातील पाणी आणि ज्वलनशील वायू निघून जातात व मागे कार्बनचा सांगाडा उरतो. या क्रियेला उष्माविघटन म्हणतात. या सांगाड्यात कार्बनचे अणू षट्कोनी कड्यांच्या एकमेकांत गुंफलेल्या जाळ्यांत बांधले जातात आणि अशी जाळी तोडणे मातीतील जिवाणूंना सहज जमत नाही. शेतातील किंवा जंगलातील टाकाऊ जैवभार अशा रीतीने मुद्दाम कोळसवून, जळणासाठी नव्हे तर मातीत मिसळण्यासाठी किंवा पाणी गाळण्यासाठी जो पदार्थ तयार करतात, त्याला जैवकोळसा अथवा बायोचार असे म्हणतात. हे नाव गेल्या दोन-तीन दशकांत रूढ झाले असले तरी मातीत कोळसा मिसळण्याची प्रथा जुनी असून, ॲमेझॉनच्या खोऱ्यात वसाहतपूर्व काळातील वस्त्यांभोवती सापडणारी कोळसामिश्रित काळी जमीन हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. इनामगावच्या राखेच्या खड्ड्यांतील कोळसा हेतुपूर्वक केलेला जैवकोळसा नव्हता, तो घरगुती अग्नीचा शेष होता. तथापि दख्खनच्या हवामानात कोळसलेला कार्बन किती काळ टिकू शकतो याचे त्याच्याइतके स्पष्ट स्थानिक प्रमाण दुसरे मिळणे कठीण आहे.

पाणी निवळण्याच्या दोन परंपरा

कोळसा आणि पाणी यांचा संबंध भारतात किती जुना आहे याविषयी अनेकदा घाईने विधाने केली जातात, म्हणून ग्रंथगत पुरावा नेमकेपणाने पाहणे इष्ट आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात गढूळ पाणी निवळण्याची सात साधने सांगितली आहेत, ती म्हणजे कतक किंवा निवळीचे बी, गोमेदक, कमळाच्या कंदाची गाठ, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी. या यादीत कोळसा नाही. निवळीचे बी उगाळून पाण्यात मिसळले की तरंगते सूक्ष्म कण एकत्र येऊन जड होतात व खाली बसतात. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळत असताना भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी घालून मळी वर आणण्याची जी पद्धत दौंड-शिरूरच्या गुळव्यांना परिचित आहे, तिच्यामागेही हेच तत्त्व आहे. म्हणजे भारतीय परंपरेचे बळ कण गोळा करून ते वेगळे काढण्यात होते. पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग, वास किंवा विष काढणे हा प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठी वेगळी क्रिया लागते.

ती क्रिया म्हणजे अधिशोषण. स्पंज पाणी शोषतो तेव्हा ते त्याच्या आत भरते, त्याला शोषण म्हणतात. अधिशोषणात विरघळलेला पदार्थ घन पदार्थाच्या पृष्ठभागावर चिकटून राहतो, आणि म्हणून पृष्ठभाग जितका अधिक तितकी धरण्याची शक्ती अधिक. कोळशात उघड्या डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असल्यामुळे चिमूटभर भुकटीतही मोठा पृष्ठभाग दडलेला असतो. हा गुण रसायनशास्त्राच्या कक्षेत आला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील टोबियास लोविट्झ यांना कोळशाची पूड टार्टारिक आम्लाच्या द्रावणातील तांबूस रंग काढून टाकते असे आढळले, आणि पुढे त्यांनी नासलेले पाणी कोळशाने सुधारते हेही दाखवून दिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील साखर शुद्धीकरणात लाकडी कोळसा वापरात आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये हाडांचा कोळसा त्याहून प्रभावी ठरला. पाणी शुद्ध करण्याच्या आधुनिक कोळशाची पहिली मोठी शाळा अशी साखरेच्या कारखान्यात भरली, ही गोष्ट उसाच्या प्रदेशाचा विचार करताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांसाठी नारळाच्या करवंटीचा कोळसा मोठ्या प्रमाणावर तयार झाला. वाफेने किंवा रसायनांनी आणखी पोखरून ज्याची छिद्रे वाढवली आहेत अशा कोळशाला सक्रिय कोळसा म्हणतात, आणि त्याच्या एका ग्रॅममध्ये साधारण ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठभाग असू शकतो. विसाव्या शतकात नगरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत आणि पुढे सांडपाण्यावरील अखेरच्या प्रक्रियेत तो स्थिरावला. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांतून आणि आरोग्यप्रसाराच्या तक्त्यांतून परिचित असलेली एकावर एक ठेवलेल्या माठांची गाळणी, ज्यात कोळसा, वाळू आणि खडी यांचे थर असतात, ही याच ज्ञानाची घरगुती आवृत्ती होय.

कोळशाचा धंदा आणि त्याची किंमत

कोळसा गाळण्यासाठी वापरण्यापूर्वी शेकडो वर्षे तो जाळण्यासाठी पाडला जात होता, आणि त्या धंद्याचा इतिहास विसरून जैवकोळशाचा विचार करणे घातक ठरेल. सह्याद्रीत महाबळेश्वरच्या परिसरातील धावड लोक जांभ्या खडकातील लोखंड गाळीत असत व त्यासाठी त्यांना जंगलातील लाकडाचा कोळसा लागे. एकोणिसाव्या शतकात एकीकडे विलायती लोखंड स्वस्त झाले आणि दुसरीकडे वनखात्याचे निर्बंध कडक झाले, त्यामुळे हा व्यवसाय लयाला गेला. शहरांची मागणी मात्र वाढतच राहिली, कारण शेगडी, इस्त्री, सोनाराची बागेसरी आणि लोहाराचा भाता या सर्वांना कोळसा हवा होता.

ही मागणी ज्यांच्या श्रमावर भागली त्यांत कातकरी समाजाचा वाटा मोठा आहे. खैराच्या लाकडापासून कात काढण्याचा जुना व्यवसाय वनकायद्यांमुळे हातचा गेल्यावर रायगड, ठाणे आणि पुणे जिल्ह्यांच्या डोंगराळ भागातील अनेक कातकरी कुटुंबे कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांकडे वळली. पावसाळ्याच्या तोंडी घरात धान्य नसताना ठेकेदाराकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर बिऱ्हाडासह देशावर किंवा कर्नाटकात भट्टीवर जाऊन ती फेडायची, ही या धंद्याची रीत झाली. पडीक जमिनीत आणि ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ तोडायची, तिचे तुकडे गोलाकार रचायचे, वरून पालापाचोळा आणि ओली माती लिंपायची, तळाशी आग देऊन बाजूच्या भोकांनी हवा कमी-जास्त करत अनेक दिवस रात्रंदिवस राखण करायची, आणि भट्टी कोठे फुटून हवा शिरली तर धुरात उतरून ती तातडीने बुजवायची, असे हे काम असते. हवा थोडी जास्त झाली तर सगळ्या रचलेल्या लाकडाची राख होते आणि मजुरी बुडते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानंतरही उचलीच्या साखळीतून वेठबिगारी पुन्हा उभी राहिल्याच्या घटना महाराष्ट्रात उघडकीस येत राहिल्या आहेत. नदी स्वच्छ करणारा कोळसा जर अशा भट्टीतून येणार असेल, तर एका ठिकाणचे प्रदूषण काढण्यासाठी दुसऱ्या ठिकाणी जंगल, हवा आणि माणूस यांची हानी होईल, आणि त्या व्यवहाराला शुद्धीकरण म्हणणे योग्य होणार नाही.

पाट, ऊस आणि सांडपाणी

घोड आणि भीमेच्या खोऱ्यातील पाण्याची आधुनिक कथा पाटापासून सुरू होते. इनामगावच्या आद्य शेतकऱ्यांनी पुराचे पाणी वळवले ते सातू-गव्हासारख्या पिकांसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण बांधले गेले आणि त्याचा उजवा कालवा दौंड तालुक्यातील पाटसपर्यंत पोचला, तेव्हापासून या अवर्षणप्रवण पट्ट्यात बारमाही पाण्याची आणि त्यामागोमाग उसाची शेती स्थिर होत गेली. स्वातंत्र्यानंतर घोडवर चिंचणी येथे धरण झाले, कुकडी प्रकल्पाने वरच्या खोऱ्यातील पाणी अडवले, आणि १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याने दौंडपर्यंत भीमेचे रूप पालटले. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाल्यानंतर ही चळवळ राज्यभर पसरली व पाटस आणि न्हावरे येथेही कारखाने उभे राहिले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्याच्या वसाहतींपैकी दौंड तालुक्यातील कुरकुंभ ही रासायनिक उद्योगांसाठी ओळखली जाते, तर शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथे यंत्रे, विजेची उपकरणे आणि अन्नप्रक्रिया असे विविध उद्योग आहेत.

या बदलांबरोबर सांडपाण्याचे स्वरूपही बदलले. गावाच्या मोरीतले पाणी म्हणजे साबण, खरकटे, मूत्र आणि माती. ते परसातल्या केळी-अळूला मिळाले तर त्याचा उपयोगच होई. साखर कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क करताना एका लिटरमागे ८ ते १५ लिटर गडद तपकिरी द्रव उरतो आणि त्यातील सेंद्रिय भार इतका प्रचंड असतो की तो ओढ्यात मिसळल्यास पाण्यातील प्राणवायू संपून मासे मरतात. उद्योगांच्या सांडपाण्यात जड धातू, रंग, द्रावके आणि औषधांचे अवशेष असू शकतात. त्यातच पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत येते, आणि मुंढवा येथे उचललेले शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कालव्यात सोडून दौंडकडील शेतीला देण्याची योजनाही अमलात आली आहे. पाणी अपुरे असलेल्या प्रदेशात शहराचे पाणी पुन्हा शेतीला देणे हे तत्त्वतः योग्यच आहे, परंतु त्यामुळे ते पाणी किती शुद्ध आहे हा प्रश्न थेट शेतकऱ्याच्या विहिरीशी आणि मातीशी जोडला जातो. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधी, १९६९ मध्येच केला होता आणि १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले, यावरून हा प्रश्न राज्याला किती लवकर जाणवला होता हे स्पष्ट होते.

पुण्यातील दोन प्रयोग

टाकाऊ शेतमालाचा काळा शेष उपयोगात आणण्याचे दोन महत्त्वाचे प्रयत्न पुण्यात झाले आणि ते या इतिहासातील कळीचे दुवे आहेत. पहिला प्रयत्न टाटा संशोधन विकास व आरेखन केंद्राचा. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेने भाताच्या तुसाची राख हे गाळणमाध्यम म्हणून वापरून ‘सुजल’ नावाची स्वस्त, विजेवाचून चालणारी गाळणी तयार केली. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते आणि अर्धवट जळालेला कार्बनही असू शकतो. तिच्या सच्छिद्र कणांत गढूळपणा आणि जिवाणूंचा मोठा भाग अडकतो. याच संशोधनाच्या आधारे राखेवर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप देऊन २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ हे उपकरण बाजारात आले. हा रूढ अर्थाने जैवकोळसा नव्हता, तरी शेतातल्या कचऱ्याचा जळका शेष पाण्याच्या गाळणीचे माध्यम होऊ शकतो आणि त्यावर दुसऱ्या पदार्थाचा लेप देऊन त्याची शक्ती वाढवता येते, ही दोन्ही सूत्रे त्यात आली होती.

दुसरा प्रयत्न ‘आरती’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेचा. तिचे संस्थापक वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद कर्वे हे इरावती कर्वे यांचे पुत्र. आणि इरावतीबाईंनी १९४० च्या दशकात सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेतील लांघणजच्या उत्खननात काम केले होते. ज्या विद्यापरंपरेने दख्खनच्या आद्य शेतकऱ्यांचा कोळसा वाचला, तिच्याच घरातून उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याचे तंत्र पुढे आले. ऊस तोडून गेल्यावर शेतात हेक्टरी साधारण ८ ते १० टन वाळलेले पान, म्हणजे पाचट, उरते. ते गुरे खात नाहीत, लवकर कुजत नाही आणि पुढच्या मशागतीला अडथळा होतो, म्हणून ते सर्रास पेटवून दिले जाते. आरतीच्या पद्धतीत विटांच्या भट्टीत पत्र्याची पिंपे पाचटाने ठासून भरून उलटी ठेवतात आणि भट्टीत बाहेरून पाचटच जाळतात. पिंप तापले की आतल्या पाचटातून ज्वलनशील वायू निघतात, ते पिंपाच्या तोंडाशी येऊन पेट घेतात व त्यांचीच आच भट्टीला पुढे पुरते. ज्वाळा मंदावल्या की आतले काम संपले असे समजतात. उरलेली काळी भुकटी चिकट खळीत मळून तिच्या कांड्या पाडतात. या कामासाठी संस्थेला २००२ मध्ये ब्रिटनमधील ॲशडेन पुरस्कार मिळाला. कांड्यांचा हेतू धूररहित इंधन हा होता. परंतु पाणी गाळण्याच्या दृष्टीने त्यातील खरा धडा असा की कोळशासाठी झाड तोडावे लागत नाही, भट्टी शेताच्या बांधावर उभी राहू शकते आणि तिचा मालक स्वतः शेतकरी किंवा बचत गट असू शकतो. कोळशाच्या जुन्या धंद्यातील जंगलतोड आणि उचलीची साखळी या दोन्ही दोषांना येथे पर्याय मिळतो.

मिश्र प्रदूषकांचा पेच

जैवकोळसा विरघळलेली प्रदूषके कशी धरतो हे पाहिल्यास त्याच्याकडून किती अपेक्षा करावी याचा अंदाज येतो. सेंद्रिय रंग आणि औषधांचे रेणू त्याच्या छिद्रांत शिरतात व कार्बनच्या षट्कोनी जाळ्यांना बिलगतात. शिसे आणि कॅडमियम यांसारखे धनभारित धातू पृष्ठभागावरील प्राणवायूयुक्त गटांना बांधले जातात, किंवा कोळशातील कॅल्शियम व पोटॅशियमची जागा घेतात, किंवा त्यातील फॉस्फेट व कार्बोनेटशी संयोग पावून अविद्राव्य साका बनतात. साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला केलेल्या कोळशावर प्राणवायूयुक्त गट अधिक राहतात, म्हणून तो धातूंसाठी चांगला. ६०० ते ७०० अंशांना ते गट झडतात परंतु पृष्ठभाग वाढतो, म्हणून तो सेंद्रिय रेणूंसाठी चांगला. एकाच भट्टीतला कोळसा दोन्ही कामांत सारखाच तरबेज असेल असे नाही.

सांडपाणी मिश्र असते तेव्हा हा पेच वाढतो. कोळशाच्या पृष्ठभागावरील जागा मर्यादित असतात आणि त्यांसाठी प्रदूषकांची आपसात स्पर्धा होते. शिसे बहुधा कॅडमियमला मागे सारते, आणि मैलापाण्यातील विरघळलेला सेंद्रिय गाळ छिद्रांची तोंडे बुजवून औषधांच्या रेणूंना आत जाऊ देत नाही. सहासंयुजी क्रोमियम पाण्यात ऋणभारित रूपात असतो आणि आम्लधर्मी पाण्यात तो चांगला धरला जातो, तर शिसे व कॅडमियम यांना आम्लता कमी असलेले पाणी मानवते. म्हणजे एकाच टाकीत दोघांनाही अनुकूल स्थिती देता येत नाही. फॉस्फेट आणि आर्सेनिक हेही ऋणभारित असल्यामुळे साध्या कोळशाच्या ऋणभारित पृष्ठभागापासून दूर ढकलले जातात. यावर उपाय म्हणून कोळशावर लोह, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियमची संयुगे बसवतात. लोहयुक्त कोळशाचा एक लाभ असा की तो पाण्यातून चुंबकाने उचलून घेता येतो. जैवकोळशावर आधारित मिश्र द्रव्ये म्हणतात ती हीच. निव्वळ सेंद्रिय भार मोठा असलेल्या द्रवासाठी, उदाहरणार्थ मद्यार्क कारखान्यातील अवशिष्टासाठी, जैवकोळसा हा पहिला उपाय नव्हे. आधी जिवाणूंकरवी वा बाष्पीभवनाने तो भार कमी करावा लागतो आणि मग उरलेल्या हट्टी रंगासाठी व अल्पांश विषांसाठी अधिशोषणाची पायरी येते.

टिकाऊपणाची दुसरी बाजू

प्रदूषक कोळशावर चिकटले म्हणजे ते नष्ट झाले असे नाही, ते फक्त पाण्यातून घनात आले. आणि सेंद्रिय रेणू पुढे मोडला जाऊ शकला तरी धातू हा मूलद्रव्यच असल्यामुळे तो कधीच मोडत नाही. ज्या कार्बनी सांगाड्याने सातवाचा दाणा तीस शतके शाबूत ठेवला, तो आपल्यावर बसलेल्या कॅडमियमलाही शेतात दीर्घकाळ ठेवील, आणि मातीची आम्लता बदलली तर त्यातील काही अंश पुन्हा सोडूनही देईल. म्हणून जैवकोळशाला ‘शेतातून आला, शेतात गेला’ असे सरसकट वर्तुळ लागू करता येत नाही, त्याचे दोन वेगळे प्रवाह मानावे लागतात.

पहिला प्रवाह घरगुती सांडपाण्याचा. गावातील मोरीचे पाणी आधी गाळ बसण्याच्या टाकीतून आणि मग पाचटाच्या किंवा तूरकाठीच्या कोळशाच्या थरातून नेले, तर अमोनियाचा आणि, कोळसा त्यासाठी सिद्ध केलेला असल्यास, फॉस्फेटचाही काही भाग त्यात उतरतो. ही पिकांची अन्नद्रव्येच असल्यामुळे, रोगजंतूंचा नाश होईल अशा रीतीने कंपोस्ट करून तो कोळसा शेतात देता येतो. महाराष्ट्रातील गावांनी २००० पासूनच्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात आणि त्यानंतर शोषखड्डे मोठ्या प्रमाणात केले. त्यांत असा बदलता येणारा कोळशाचा थर घालणे हे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले काम आहे, मात्र तो वेळोवेळी काढून नवा भरण्याची जबाबदारी कोणाची हे आधी ठरले पाहिजे.

दुसरा प्रवाह उद्योगांचा. औद्योगिक प्रक्रियांतून निघणारा वापरलेला कार्बन भारतीय नियमांनुसार अनेक बाबतींत घातक कचऱ्यात मोडतो, आणि अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीचे केंद्र शिरूर तालुक्यातच रांजणगाव येथे आहे. धातू धरलेला कोळसा तेथेच, तोलून आणि नोंद करून, गेला पाहिजे. तो वीटभट्टीत इंधन म्हणून किंवा स्वस्त खत म्हणून गावाकडे येऊ लागला, तर नदीतले विष हवेत आणि काळ्या मातीत वाटले जाईल. शहराचे मैलापाणी आणि कारखान्यांचे पाणी एकाच नाल्यात मिसळू न देणे हा म्हणूनच कोणत्याही गाळणीपेक्षा मोठा उपाय ठरतो, कारण एकदा मिसळलेल्या पाण्याचा कोळसा पहिल्या प्रवाहातही बसत नाही आणि त्याचे प्रमाण इतके मोठे होते की दुसऱ्या प्रवाहाला तो पेलवत नाही.

घोड-भीमेच्या खोऱ्यात जैवकोळशाला लागणारा कच्चा माल विपुल आहे, तो कोळसवण्याची पद्धत पुण्यात सिद्ध झालेली आहे आणि त्याची गरज नदीच्या प्रत्येक वळणावर आहे. त्यामुळे हे तंत्र येथे रुजावे अशी अपेक्षा करण्यास भक्कम आधार आहे. ते रुजवताना प्रत्येक प्रकल्पाच्या आराखड्यात कोळसा किती टक्के प्रदूषक काढतो या आकड्याच्या शेजारीच आणखी तीन गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत : कोळसा कोणत्या शेतातील कोणत्या कचऱ्याचा आहे, तो करणाऱ्याला रोख आणि रास्त मजुरी मिळाली आहे काय, आणि वापर संपल्यावर तो कोणाच्या ताब्यात, कोठे आणि किती वजनाने जाणार आहे. या तीन नोंदींवाचून मंजूर झालेली गाळणी भीमेचे पाणी काही काळ स्वच्छ दाखवील, परंतु तिच्या तळाशी साचलेल्या विषाचा हिशेब पुढच्या पिढ्यांच्या शेतावर टाकील.